कोयरीची उलटी बाजू

कोयरी नेमकी कशाची, यावर दोन जाणकारांचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. इराणात विचारा, ते म्हणतील हे सरूचं झाड, वाऱ्याने शेंडा वाकलेलं. तिथल्या यझ्द प्रांतात अबरकूहला हजारो वर्षांचा मानला जाणारा एक सरू अजून उभा आहे आणि यझ्दच्याच ‘तेर्मे’ नावाच्या कापडावर ही आकृती आजही विणली जाते, त्यामुळे त्यांचा दावा अगदीच हवेतला नाही. कुणी तिला झरथुष्ट्री अग्नीची ज्योत म्हणतं, कुणी खजुराचा कोंब. पंजाबात ती अंबी, तमिळनाडूत मांगा, बंगालात कलका. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायकांना तिच्यात लोणच्यातली काकडी दिसली आणि त्यांनी तिला ‘पर्शियन पिकल’ करून टाकलं. आपल्याकडे हा वाद कधी झालाच नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला समोर कैरीची डाळ, हातात पन्ह्याचा पेला आणि कुंकू ज्यातून लावायचं ते भांडंही कोयरीच्या आकाराचं. इतक्या पुराव्यानंतर ती आंब्याची नाही असं कोण म्हणेल?

मला हे वाद वाचायला आवडतात, पण त्यातून निकाल लागेल अशी आशा मी कधीच सोडली आहे. निकाल हवाच असेल तर पुस्तकांपेक्षा कापडाला विचारावं. सतराव्या शतकातल्या काश्मिरी शालींचे जे तुकडे जगभरच्या संग्रहालयांत उरले आहेत, त्यांच्या पदरांवर कोयरी नाहीच. तिथे आहे एक रोपटं. बारीक देठ, दोनचार पानं, एखादं फूल किंचित कलंडलेलं, आणि खाली मुळंसुद्धा. मुघलांचं फुलांचं वेड या रोपट्यात दिसतं. जहांगीर काश्मीरच्या फुलांवर इतका भाळला होता, की उस्ताद मन्सूरने त्याच्यासाठी शंभराहून अधिक फुलांची चित्रं काढल्याचं त्याने स्वतःच आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. चित्रातली फुलं शालीवर उतरायला फार वेळ लागला नसावा.

मग अठराव्या शतकात या रोपट्याचं काहीतरी होऊ लागतं. एका देठावर एका फुलाऐवजी गुच्छ येतो. मुळं जातात, त्यांच्या जागी फुलदाणी येते. गुच्छ दाट होत जातो, फुलं एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याची मिळून एक बाह्यरेषा तयार होते. वर निमुळती, खाली फुगीर. शेंडा एका बाजूला कलतो. १८०० च्या आसपास ती बाह्यरेषा इतकी ठळक झालेली असते, की आत फुलं आहेत हे मुद्दाम बघावं लागतं. पुढच्या पन्नास वर्षांत कोयरी लांबते, शेपटीसारखी वळते, एकीत एक गुंतते आणि शालीच्या टोकाला असलेल्या पट्ट्यातून निघून जवळजवळ सगळी शाल व्यापते. हे सगळं तारखा माहीत असलेल्या शाली ओळीने मांडल्या की डोळ्यांना दिसतं. ही आकृती कुणा एकाला सुचलेली नाही. दीडशे वर्षं नक्षीदारांच्या हाताखालून जाता जाता रोपट्याची कोयरी झाली. आंबा, ज्योत, सरू हे सगळे अर्थ लोकांनी आपापल्या परीने त्यावर चढवले. त्यातले काही कदाचित इतर प्रदेशांतल्या जुन्या आकृत्यांच्या बाबतीत खरेही असतील. पण जगभर गेली ती ही काश्मिरी कोयरी.

ती विणायची कशी, हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही, म्हणून जरा थांबते. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून उंचावर, बकऱ्यांच्या राठ केसांखाली थंडीत मऊ लव उगवते. वसंतात ती विंचरून काढतात. तीच पश्मीना. हिचं सूत हाताने काततात आणि ते इतकं नाजूक असतं, की जोरकस यंत्राला सहसा पेलत नाही. कानी, म्हणजे कांड्यांनी विणलेल्या, शालीच्या मागावर धोटा नसतो. प्रत्येक रंगाची वेगळी बारीक लाकडी कांडी असते आणि तो रंग नक्षीत जिथे लागेल तेवढ्याच ताण्यांवरून कांडी फिरते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि परत येते. एका आडव्या ओळीत शेकडो कांड्या असू शकतात. ती एक ओळ संपली, की दुसरी. दिवसभरात बोटाच्या पेराएवढं कापडही व्हायचं नाही. मोठी शाल दोनतीन विणकरांना दीड-दोन वर्षं सहज खायची.

आणि हे सगळं समोर चित्र ठेवून नाही. विल्यम मूरक्रॉफ्ट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस १८२२-२३ मध्ये काश्मिरात राहिला होता. होता पशुवैद्य, आला होता घोड्यांच्या शोधात, पण शालींबद्दल त्याने जे लिहून ठेवलं त्याच्या तोडीचं त्या काळातलं दुसरं क्वचितच सापडतं. तो सांगतो, की नक्काश नक्षी काढतो. मग ‘तरह गुरू’ नक्षीच्या तळापासून वर जात एकेक रंग आणि तो किती धाग्यांवर घ्यायचा ते मोठ्याने सांगत जातो. आणि ‘तालीम गुरू’ ते खास खुणांच्या लिपीत उतरवून घेतो. त्या कागदाचं नावच तालीम. मागावर बसलेले विणकर ही तालीम वाचत, किंवा वाचून दाखवलेली ऐकत विणत जातात. म्हणजे कोयरी आधी चित्र होती, मग बोलणं झाली, मग आकडे झाली, आणि शेवटी पुन्हा चित्र झाली. ही सगळी पद्धत, सगळी माणसं, जुन्या काळच्या एखाद्या मोठ्या वाड्यातल्या स्वयंपाकघरासारखी: कोण काय करतं ते ठरलेलं, आणि एक जरी उठून गेला तरी पंगत अडायची.

पैठणी पाहिलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. पैठणीचा पदरही असाच विणतात. रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या, आपापल्या जागेपुरत्या फिरणाऱ्या, शेजाऱ्याच्या धाग्यात अडकून मागे वळणाऱ्या. विणीचा पोत वेगळा, जमीन जरीची, पण युक्ती तीच. म्हणून तर हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूने जवळजवळ सुलट बाजूसारखाच दिसतो. पैठणी घ्यायला गेलेली अनुभवी बाई दुकानात बसल्याबसल्या पहिल्यांदा पदर उलटा करते. मोर कसा आहे, असावलीचा वेल कसा आहे, हे नंतर. मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसले की ती काही बोलत नाही, फक्त घडी परत सरकवते. मला वाटतं, कापडाचा इतिहास वाचायची याहून चांगली रीत नाही. नक्षी पुढून कुणीही सारखी काढू शकतं. कुणी, कशाने आणि किती वेळ घालवून काढली ते मागे लिहिलेलं असतं.

युरोपात कोयरी गेली ती पुढच्या बाजूने. शाल हे आपल्याकडे मुळात पुरुषांचं, त्यातही मानाचं वस्त्र. अकबर दोन शाली पाठीला पाठ लावून ‘दोशाला’ करून वापरायचा, असं अबुल फझलने लिहिलं आहे. मराठी दरबारातही शालजोडी देऊनच मान व्हायचा. (आपली भाषा अशी, की मान देताना शालजोडी आणि टोमणा मारतानाही शालजोडीतलाच.) फ्रान्समध्ये मात्र ती थेट बायकांच्या खांद्यावर गेली. १७९८ ते १८०१ या काळातल्या नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांनी आणि अधिकाऱ्यांनी काश्मिरी शाली घरी नेल्या, आणि पॅरिसमध्ये त्यांचं वेड पसरलं. त्याला एक साधं कारणही होतं. त्या वेळची तिथली फॅशन म्हणजे पातळ पांढऱ्या मलमलीचे अंगाबरोबरचे झगे. पॅरिसच्या थंडीत मलमल! त्यावर हलकी, ऊबदार आणि नजरेत भरणारी शाल हवीच होती. आंग्रने १८०६ मध्ये काढलेल्या मादाम रिव्हिएरच्या चित्रात ती शाल बाईंच्या अंगावरून अशी ओघळते, की चित्र बाईंचं की शालीचं असा प्रश्न पडावा. सम्राज्ञी जोसेफीनने तर पुढची पायरी गाठली. ग्रोने काढलेल्या तिच्या चित्रात अंगातला झगाच कोयऱ्यांच्या शालीचा आहे, आणि वर खांद्यावर आणखी एक शाल. फ्रान्समधल्या श्रीमंत घरांत नवरीला द्यायच्या आहेरात काश्मिरी शाल असणं हा पुढे रिवाजच झाला.

एवढी मागणी आणि एका शालीला दीड-दोन वर्षं. नक्कल होणार हे उघड होतं. एडिंबरा आणि नॉरिच या गावांनी अठराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतच सुरुवात केली होती. ग्लासगोच्या पश्चिमेला असलेलं पेझली हे गाव त्यात १८०५ च्या सुमारास, म्हणजे जरा उशिरा उतरलं आणि दोघांच्याही पुढे निघून गेलं. पेझलीत आधीपासून रेशीम आणि मलमल विणणारे तरबेज विणकर होते. शाल विणायला सुरुवातीला मागाच्या वरून दोऱ्या ओढायला एक पोरगा लागायचा. मग फ्रान्समधून नक्षीचे धागे आपोआप उचलणारा जकार्ड माग आला, नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर उतरली, आणि पोराची गरज संपली. तालीम आणि हे पुठ्ठे यांचं काम एकच, नक्षीचे आकडे करून ठेवायचे. फरक एवढाच, की तालीम वाचायला माणूस लागायचा.

पेझलीच्या शालीची पाठ बघण्यासारखी असते. जकार्डच्या मागावर रंगीत बाणा, म्हणजे आडवा धागा, कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत आख्खा जातो. नक्षीत जिथे दिसायचा तिथे वर येतो, बाकी सगळा मागे लोंबत राहतो. ते लोंबणारे धागे राहू दिले तर शाल जड होते, म्हणून ते यंत्राने कापून टाकत. पाठ भादरलेली दिसते. आपल्याकडच्या हिमरूतही बाण्याचे जास्तीचे धागे मागे सुटे राहतात, पण तिथे ते कापत नाहीत, त्या थरानेच कापडाला ऊब येते. एकाच अडचणीची ही दोन उत्तरं मला फार आवडतात. एकाने कचरा मानून छाटलं, दुसऱ्याने अस्तर मानून ठेवलं.

काश्मिरी नक्षीला एका स्कॉटिश गावाचं नाव लागलं आणि जगभर ती पेझली म्हणून ओळखली जाऊ लागली, याचा मला पूर्वी फार राग यायचा. त्या गावाबद्दल वाचत गेले तसा तो थोडा निवळला. पेझलीचे विणकर हे अजब लोक होते. राजकारणावर तावातावाने बोलणारे, कविता करणारे आणि घरामागच्या तुकड्यात ‘पिंक’ नावाची, कार्नेशनच्या कुळातली झालरदार पाकळ्यांची फुलं वाढवून त्यांच्या स्पर्धा लावणारे. दिवसभर कुठल्यातरी दूरदेशीच्या फुलांची नक्कल विणायची आणि संध्याकाळी खऱ्या फुलाची पाकळी कशी उमलते ते बघत बसायचं! फॅशनचा वारा फिरला की यांच्या चुली विझायच्या. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला गावावर अशी वेळ आली, की १८४२ मध्ये राणी व्हिक्टोरियाने धंद्याला हात म्हणून पेझलीच्या शाली विकत घेतल्या. राणीने घेतल्या म्हणून सगळ्यांनी घेतल्या, आणि थोडे दिवस निघाले.

राग यावा असं जे आहे ते दुसरीकडे आहे. काश्मिरात शालीवर कर होता आणि तो गोळा करायला ‘दाग शाल’ नावाचं खातंच होतं. अफगाण, शीख, डोगरा अशा राजवटी बदलल्या, पण खातं बदललं नाही. विणकराला धंदा सोडायची मुभा नव्हती, मुलूख सोडायचीही नव्हती. १८३०च्या दशकातल्या दुष्काळात तरीही अनेकजण जीव मुठीत धरून पंजाबात उतरले आणि अमृतसर, लुधियाना, नूरपूर इथे मागावर बसले. १८४६ च्या अमृतसरच्या तहात इंग्रजांनी काश्मीर गुलाबसिंगाच्या हवाली केलं, तेव्हा दरवर्षी द्यायच्या नजराण्यात एक घोडा, बारा शालीच्या बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि तीन काश्मिरी शालजोड्या लिहून घेतल्या. सहा नर, सहा माद्या हा तपशील वाचून मला हसू येतं. साहेबाला नुसती शाल नको होती, शालीचं बियाणं हवं होतं. फ्रेंचांनीही त्याआधीच अशा बकऱ्या आणवून पाहिल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रेंच व्यापाऱ्यांचे दलाल श्रीनगरात मुक्काम ठोकून होते. पॅरिसच्या गिऱ्हाइकाला काय आवडेल त्याच्या नक्ष्या तिकडे काढून ते इकडे आणायचे. म्हणजे ज्यांच्या नक्षीची नक्कल पॅरिसने केली, ते आता पॅरिसच्या नकलेची नक्कल विणत होते. लवकर माल हवा म्हणून एक शाल तुकड्यातुकड्यांत वेगवेगळ्या मागांवर विणून घ्यायची आणि रफूगाराने ती सांधायची. सांधा दिसायचा नाही, हे त्या रफूगाराचं कसब. २९ एप्रिल १८६५ ला श्रीनगरच्या झालडगरमध्ये शालविणकर करांविरुद्ध मोर्चा घेऊन निघाले. सैन्य त्यांच्यावर घातलं गेलं आणि अनेकजण कालव्यात ढकलले जाऊन बुडाले. मेलेल्यांचा आकडा २८ सांगतात. कामगार दिनाची गोष्ट सांगताना आपण शिकागोपासून सुरुवात करतो. शिकागोचं हेमार्केट १८८६ चं. त्याच्या एकवीस वर्षं आधी, कोयऱ्या विणणारी ही माणसं रस्त्यावर उतरली होती.

पुढचं पटापट घडलं. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला आणि काश्मिरी शालीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. त्याच दशकात बायकांच्या घागऱ्याला मागे उंचवटा देणारी ‘बसल’ची फॅशन आली; त्या उंचवट्यावर भली मोठी शाल धड बसेना. छापील कोयऱ्यांच्या स्वस्त शाली कामवाल्या बायकांच्याही अंगावर दिसू लागल्यावर मोठ्या घरच्या बायकांना ती नकोशी झाली होतीच. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळाने काश्मिरात उरलंसुरलं संपवलं. युरोपातल्या शाली पियानोवर अंथरल्या गेल्या किंवा कापून त्यांचे कोट झाले. पेझली गाव तरलं ते शिवणाच्या दोऱ्यावर. जगभरच्या शिवणकामाच्या डब्यांत पोचलेलं कोट्स हे नाव तिथलंच.

नक्षीला मात्र यातल्या कशानेही धक्का लागला नाही.

माझ्या वडिलांच्या कपाटात एक खण नुसत्या शालींचा आहे. शिक्षक होते, निवृत्तीनंतर गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाला पाहुणे म्हणून जातात, आणि मराठी मुलखात पाहुणा शाल-श्रीफळाशिवाय परत येत नाही. नारळाची बर्फी होते, शाल खणात जाते. मरून, तपकिरी, मोरपिशी, आणि काठाला न चुकता कोयरी. पुष्कळशा प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरही आलेल्या नाहीत. आई त्यांच्याकडे बघून सुस्कारा टाकते आणि थंडी पडली की दोनचार कामाला येणाऱ्या मावशींना देते. मग त्यांच्यामार्फत त्या पुन्हा कुठल्यातरी सत्काराला जातात की काय अशी मला शंका आहे. मीही या शालींची टिंगल करायचे. एकदा त्यातली एक उलटी केली. पाठीवर भादरलेले धागे होते, पेझलीच्या शालीसारखेच, फक्त लोकरीऐवजी ॲक्रिलिकचे. आणि आपल्या बाजारातल्या अशा यंत्रमागाच्या शाली येतात कुठून, तर बऱ्याचशा लुधियाना आणि अमृतसरहून. दुष्काळातून पळालेल्या काश्मिरी विणकरांनी जिथे माग टाकले तिथून. त्यांच्या धंद्याचा वारसा असा वडिलांच्या कपाटापर्यंत पोचला आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, शाल हातात घेतली आणि म्हणाले, ‘मग ही देऊ नकोस कुणाला.’ आता खणात एक जास्तीची अडगळ माझ्यामुळे आहे.

विसाव्या शतकात कोयरी कुठे कुठे गेली, याची यादी करत बसले तर लेख संपायचा नाही. अमेरिकन गुराख्याच्या गळ्यातला लाल रुमाल घ्या. तो बंडाना, नाव आपल्या बांधणीवरून गेलेलं आणि अंगावर कोयऱ्या. पुढे लॉस एंजेलिसच्या टोळ्यांनी लाल आणि निळा वाटून घेतला तोही हाच रुमाल. साठच्या दशकात हिप्पी मुलामुलींनी हिंदुस्थान शोधला तेव्हा ती झब्ब्यांवर आली. १९६८ मध्ये फेंडर कंपनीने गुलाबी कोयऱ्यांची गिटारही काढली. १९८१ मध्ये एत्रो या इटालियन फॅशन कंपनीने ती पडद्या-गाद्यांच्या कापडावर आणली आणि मग ती त्यांची ओळखच झाली. गायक प्रिन्सने अमेरिकेत मिनेसोटात बांधलेल्या स्टुडिओचं नाव पेझली पार्क. आणि २०१० च्या व्हँकूव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये अझरबैजानचा चमू उतरला तो भडक कोयऱ्यांच्या विजारी घालून. तिथे ‘बुता’, म्हणजे कोयरीच, हे राष्ट्राचं लाडकं चिन्ह आहे, त्यामुळे जग हसलं तरी त्यांची काही हरकत नसावी. मला तरी त्या विजारी आवडल्या.

दर दहा-पंधरा वर्षांनी कुठलंतरी मासिक ‘पेझली परत आली’ असं जाहीर करतं, तेव्हा मला गंमत वाटते. ती परत येते म्हणजे गेली होती कुठे? कांचीपुरमच्या काठावर होती, बनारसीच्या कोपऱ्यातल्या कोनियात होती, लखनौच्या चिकनवर होती. मेंदी शिकायला बसलेल्या मुलीच्या हातातल्या कोनातून फूल आणि वेल झाल्यावर लगेच तिचाच नंबर. तिकडे ती फॅशन होती, म्हणून तिला जावं-यावं लागलं. इकडे ती लग्नातल्या साडीवर आणि अंगणातल्या रांगोळीत होती. लग्नं थांबत नाहीत.

पण नुसत्या रिवाजाने एखादी आकृती इतकी टिकत नाही, हेही खरं. मी स्वतः कागदावर कोयऱ्या गिरवत बसते, फोनवर कुणी लांबलचक बोलत असलं की विशेष, आणि त्यातून मला जे कळलं ते असं. वर्तुळ काढलं की डोळा त्यात थांबतो. कमळ काढलं की ते पुरं होतं, त्यात भर घालायला जागा राहत नाही. कोयरीत डोळा पोटापासून सुरू होतो आणि घसरत टोकाला जातो आणि तिथून बाहेर पडतो, पुढच्या कोयरीवर. तिचं पोट रिकामं ठेवता येतं किंवा त्यात बाग मावते. कोयरीत कोयरी, तिच्यात आणखी एक. दोन कोयऱ्या उलटसुलट ठेवल्या तर एकमेकींच्या बाकात बसतात. करंगळीच्या नखाएवढी टायवर शोभते, हातभर लांबीची पडद्यावर. आणि ती बाईच्या साडीवर जितकी सहज बसते तितकीच पुरुषाच्या फेट्यावर. फार थोड्या नक्ष्यांना हे जमलं आहे. त्यातून तिचा अर्थ पक्का नाही, म्हणून कुणालाच ती परकी वाटत नाही. चांदताऱ्याचं, स्वस्तिकाचं तसं नाही; ती चिन्हं घालताना माणूस विचार करतो. कोयरी घालताना कुणी विचार करत नाही.

आणि हीच मला तिच्यातली खुपणारी गोष्ट वाटते. अर्थ पक्का नसलेली नक्षी कुणाचीही होऊ शकते, म्हणजे ती कुणालाच धरून राहत नाही. काश्मिरी विणकर गेला, ती पेझलीला गेली. पेझलीचा गेला, ती छापखान्यात गेली. आता संगणकावर कुणीतरी एक काढतो आणि ती रात्रीतून लाख मीटरवर छापून होते. श्रीनगरपासून जवळच असलेल्या कानिहामा गावात आजही कांड्यांनी शाली विणतात, तालीम वाचून. कानी शालीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्याने नाव राखलं जातं. पण नक्षीला मानांकन देता येत नाही, आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा नक्षीच हवी असते. मलाही. कानी शाल घेण्याची माझी ऐपत नाही, आणि सुती कापडावर छापलेल्या कोयऱ्या दिसल्या की माझा हात आपोआप तिकडे जातो. हातठशाची असेल तर बरं वाटतं, ठसा कुठे जरा सरकलेला सापडला तर आणखी बरं. नसेल तरी घेते. उगाच सोवळेपणाचा आव कशाला?

मागच्या महिन्यात असंच एक निळं कापड घेतलं. दुकानदार मापायच्या आत मी सवयीने ते उलटं केलं. ‘छापील आहे ताई, मागे काय बघता?’ तो म्हणाला. मागे खरंच काही नव्हतं, पुढच्या कोयऱ्यांची फिकट सावली फक्त. अडीच मीटर घेतलं आणि कुर्त्यासाठी शिवायला टाकलं. संध्याकाळी शिंपीणबाईंचा फोन आला. सगळ्या कोयऱ्यांची टोकं एकाच दिशेला आहेत, मागचा भाग उलटा कापला तर पाठीवर त्या डोकं खाली करून लोंबतील, पुरा हात हवा असेल तर अर्धा मीटर आणखी आणा, नाहीतर बिनबाह्यांचा शिवते. मी विचारलं, पाठीवर उलट्या राहिल्या तर काय बिघडतं, कोण बघणार आहे. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही नाही बघणार. मागे बसलेल्या बायका बघतील की.’

अर्धा मीटर आणायला गेले तर तो तागा संपला होता. बिनबाह्यांचाच शिवा म्हणून सांगितलं.